शेळीच्या मोलाची लेखणी

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार पूर्वीची. तेव्हा नाणी खुळखुळायची ती राजवाड्यात. बाहेर लोक वस्तू देऊन वस्तू घ्यायचे. नदीच्या वळणावर एक नगर होतं, नगरात कातारआळी होती आणि त्या आळीत एक कातारीण राहत होती. शिसवीचं लाकूड फिरवून गोल करायचं, बारीक पटाशीने कोरायचं आणि त्याच्या लेखण्या घडवायच्या, हा तिचा धंदा. पुढे बोरूचं टोक खोचलं की लेखणी लिहायला तयार.

कोरीवकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं सगळी आळी म्हणायची. ती स्वतःही म्हणायची, आणि आळीपेक्षा जरा मोठ्याने.

तिच्या लेखणीवर काय नसायचं? खालून वर चढत गेलेली वेल, वेलीत दडलेली खार, खारीच्या पुढच्या पायांत धरलेलं फळ. आणि सगळ्यात खाली, बोरूच्या जरासा वर, पिसारा फुलवलेला मोर. त्याच्या डोक्यावरचा तुरासुद्धा बोटाला लागावा इतका रेखीव. हा मोर तिला तिच्या वडिलांनी शिकवला होता. मोर पाहिला की लेखणी कुठल्या घरची, ते लोक न विचारता सांगायचे.

एका लेखणीची किंमत एक दुभती शेळी. त्यात घासाघीस नाही.

पण घासाघीस केल्याशिवाय घेईल तर ते गिऱ्हाईक कसलं? "शेळी जास्त होते हो. करडू घ्या की," असं जो तो म्हणायचा. कातारीण चिडायची नाही. लेखणी त्याच्याच हातात द्यायची आणि म्हणायची, "करडू चालेल. मग तेवढं काम कमी करते. कुठलं कमी करू, तिथं फक्त बोट ठेवा."

गिऱ्हाईक लेखणी फिरवून फिरवून बघायचं. खार काढावी? छे, तीच तर गंमत. निदान फळ? मग खार बिचारी उपाशी राहायची. मोर काढायचं तर कोणाच्या मनातही यायचं नाही. शेवटी मुकाट्याने शेळी अंगणात बांधून ते लेखणी घेऊन जायचं. आजवर एकानेही बोट ठेवलं नव्हतं, आणि या गोष्टीचा कातारणीला भारी अभिमान होता.

असं असलं तरी आळीचे दिवस काही बरे नव्हते. शेळी देऊन लेखणी घेणारे वर्षाकाठी असे कितीसे येणार? कितीतरी कारागीर गाशा गुंडाळून नावा बांधायच्या कामावर गेले होते. त्यांच्या घरांच्या पायऱ्यांवर गवत उगवलं होतं.

अशात एक बातमी आली. राज्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी असलेली गाणी, औषधं, बी-बियाण्यांची माहिती, सगळं लिहून ठेवायचं राणीसाहेबांनी ठरवलं होतं. दिवसभर लिहिणारे लेखनिक बसणार होते आणि त्यांना लेखण्या लागणार होत्या. कातारणीची लेखणी पसंत पडली, तर तशाच लेखण्या करायचं काम सगळ्या आळीला मिळणार होतं. नाही पडली, तर उरलेली घरंही उठणार होती.

लेखणी पारखायला राणीचे चिटणीस स्वतः आले. म्हातारे होते, पण बसले ताठ. त्यांनी किंमत विचारली. कातारणीने शेळी सांगितली.

"फार होते," चिटणीस म्हणाले.

"कमी करते. कुठलं काम कमी करू, तिथं बोट ठेवा."

चिटणिसांनी लेखणी फिरवून पाहिली नाही. तिच्यात बोरू खोचला, शाईत बुडवला आणि ते लिहायला बसले. एक कागद भरला, दुसरा भरला. दाराशी जमलेली आळी वाट बघत राहिली. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"हा मोर काढा."

कातारणीच्या अंगाचा तिळपापड झाला. "चिटणीसबाबा, दुसरं काहीही सांगा. हा मोर माझ्या वडिलांचा आहे. ही लेखणी ओळखतात ती मोरावरून."

चिटणिसांनी आपला अंगठा पुढे केला. त्यावर मोराच्या तुऱ्याचा लालभडक ठसा उठला होता. "मीही ओळखली मोरावरूनच," ते म्हणाले. "माझे लेखनिक सकाळी बसतात ते दिवेलागणीला उठतात. यावर त्यांची बोटं टिकायची नाहीत. बाजाराच्या दिवशी पुन्हा येतो. तोवर ठरवा."

ते गेले. आळीतल्या सगळ्यांचे चेहरे उतरले होते. कातारीण मात्र फणकाऱ्याने म्हणाली, "म्हाताऱ्याचा हातच नाजूक आहे. माझ्या एवढ्या गिऱ्हाइकांनी वापरल्या लेखण्या, एकाचं तरी गाऱ्हाणं आलं का?"

ते विचारायला म्हणून ती दुसऱ्या दिवशी घरोघर निघाली. आधी वैद्यबुवांकडे गेली. वैद्यबुवा ओसरीवर बसून औषधाची चिठ्ठी लिहीत होते, साध्या बोरूने.

"माझी लेखणी कुठं गेली?" तिने विचारलं.

"आहे की, जपून ठेवली आहे," वैद्यबुवा कौतुकाने म्हणाले. "ती वापरायची थोडीच? ती बघायची."

सावकाराच्या घरी लेखणी देव्हाऱ्यात होती, तिला हळदकुंकू वाहिलेलं. पाटलांच्या घरी ती भिंतीवर टांगलेली होती. जिथे जावं तिथे लेखणीची वाहवा, आणि एकीवरही शाईचा डाग नाही. काल-परवापर्यंत या वाहवेने कातारीण फुलून गेली असती. आज तिला खरं काय ते उमगलं. आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, कारण आजवर कोणी लिहिलंच नव्हतं.

आणि तिने स्वतः तरी कुठे लिहिलं होतं? तिला अक्षर येत नव्हतं. पण वेल काढता येत होती. घरी येऊन तिने एक रंधा मारलेली फळी पुढे घेतली, आपलीच लेखणी शाईत बुडवली आणि वेल काढायला बसली. पहिली वेल झोकात आली. पुढे अंगठा ठणकू लागला. दुपार कलेपर्यंत तो सोलवटला आणि वेलीची पानं वेडीवाकडी येऊ लागली. वडिलांनी शिकवलेला मोर वडिलांच्याच लेकीला टोचत होता. तिने अंगठा तोंडात धरला. तिला रडू आलं, ते दुखण्याचं नव्हतं.

मग तिने डोळे पुसले, नवं लाकूड घेतलं आणि कामाला लागली.

बाजाराच्या दिवशी चिटणीस आले. नव्या लेखणीवर वेल होती, खार होती, खारीचं फळ होतं. मोर उडून पार वरच्या टोकाला जाऊन बसला होता, लिहिणाऱ्याच्या मुठीवरून कागदात डोकावत. आणि जिथे बोटं येतात तिथे काहीच नव्हतं. नुसतं घोटून घोटून गुळगुळीत केलेलं लाकूड, अंगठ्यापुरतं किंचित खोलगट. एवढ्या मोकळ्या जागेला सगळ्या वेलीपेक्षा जास्त वेळ लागला होता.

चिटणिसांनी लिहिलं. कागदामागून कागद भरले. अंगठा पाहिला. अंगठा जसाच्या तसा होता. पण चिटणीस झाले तरी शेवटी गिऱ्हाईकच.

"पसंत आहे," ते म्हणाले. "पण आता किंमत कमी करा. काम कमी झालं आहे."

"तुम्हाला नको असेल तिथं बोट ठेवा, बाबा."

चिटणिसांनी नेमकं मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं काहीच नाही. जिथं काही नाही, त्याचं मोल मी का देऊ?"

दाराशी पुन्हा सगळी आळी जमली होती. एवढं मोठं काम, आता ही बाई एक पाऊल मागे घेईल तर बरं, असं प्रत्येकाला वाटलं. कातारणीने मान वर केली आणि ती हसली.

"खरं आहे," ती म्हणाली. "आणा इकडे. तिथं पुन्हा मोर कोरून देते. फुकट."

चिटणिसांनी लेखणी झटकन मुठीत धरली, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. "राहू द्या, बाई. शेळीच देतो."

पुढे आळीत इतक्या शेळ्या आल्या की पायऱ्यांवरचं गवत त्यांनीच खाऊन टाकलं. नावा बांधायला गेलेले परत आले. विकलेल्या लेखण्या कातारणीने मागवून घेतल्या आणि काही न घेता नीट करून दिल्या. किंमत मात्र तिने कधी उतरवली नाही. फक्त एक रीत बदलली. गिऱ्हाईक आलं की आता ती आधी त्याच्यापुढे शाई ठेवायची आणि म्हणायची, "एक पान लिहा, मग बोलू."

म्हणून लक्षात ठेवा: आपल्या कामाचं कौतुक बघणारा करतो, पण त्याची खरी किंमत वापरणाऱ्याच्या हातालाच कळते.