मुक्काम आणि पोस्ट

केरूआबा अंथरुणाला खिळले आणि त्यांनी थोरल्या बहिणीचा ध्यास घेतला. आबांना तान्हेपणीच मामाने नेलेलं. मागे राहिलेल्या बहिणीचं काय झालं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. "चंद्राताई होती गं," ते सांगत, आणि घरचे म्हणत, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. शेवटी लेक हौसाबाई सोनगावच्या नगरपालिकेत गेली. जुना पत्ता होता, मुक्काम लिंबवाडी, पोस्ट सोनगाव.

साहेबांनी सोनगावच्या जन्मनोंदी चाळून हात झटकले. "सोनगावात नाव नाही. अशी बाई जन्मलीच नाही."

"लिंबवाडीचं दप्तर बघा की. वाडी तुमच्या हद्दीत आली, तेव्हा ते इथंच आणलंय."

"पोस्ट सोनगाव, म्हणजे जन्म सोनगावचाच!"

हौसाबाईने शांतपणे विचारलं, "साहेब, तुमची पत्रं कुठं येतात?"

"इथंच, कचेरीत."

"मग तुमच्या आईचं बाळंतपण याच टेबलावर झालं म्हणायचं?"

कारकून तोंड लपवून हसले. साहेबांनी लिंबवाडीच्या दप्तराचं कपाट उघडायला लावलं.

चंद्रभागा सापडली. जन्माची नोंद होती, आणि सातव्या वर्षी पटकीने गेल्याचीही.

संध्याकाळी आबांनी नजरेनेच विचारलं. हौसाबाई उशाशी बसली.

"होती आबा. ताई होती."

पुढचं तिने सांगितलं नाही.