माशांचं पाणी आणि शेपूचा वाफा

फार पूर्वी, जिथे घरोघरी बांगड्यांच्या भट्ट्या पेटायच्या अशा एका गावात, एकाच अंगणाच्या दोन बाजूंना दोन जावा राहत होत्या. थोरलीचं नाव सुभद्रा, धाकटीचं गुणा. चुली वेगळ्या झाल्या होत्या आणि अंगणाच्या मधोमध कमरेएवढी मातीची भिंत आली होती. नवऱ्यांचा धंदा मात्र अजून एकच होता. उन्हाळा लागला की दोघे भाऊ बांगड्यांच्या पेट्या घेऊन गावोगावच्या जत्रांना निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. मागे राहायच्या या दोघी.

सुभद्रेला झाडांचं वेड होतं. तिच्या अंगणात कढीपत्ता होता, लिंबू होतं, भोपळ्याचा वेल होता, आणि फुटक्या माठांत, जुन्या घमेल्यांत काही ना काही उगवत असायचं. गुणाला मासे आवडायचे. तिचं माहेर तळ्याकाठचं. लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला येताना तिच्या वडिलांनी मडक्यातून लाल आणि रुपेरी मासे आणले होते. ते पाहून तिच्या नवऱ्याने भट्टीवर चांगली जाड काच ओतली आणि बायकोला माशांसाठी मोठी पेटी करून दिली. ती पेटी गुणाच्या ओटीवर होती. उन्हं आत आली की मासे झगमगायचे आणि येणारा-जाणारा क्षणभर थांबायचा.

दोघी जावांचं बिनसलं ते या माशांवरूनच. पेटीतलं निम्मं पाणी काढून नवं भरताना गुणा जुनं गढूळ पाणी मोरीत ओतायची. ते वाहत वाहत सुभद्रेच्या मागच्या दाराशी साचायचं. एकदा सुभद्रा त्यात घसरली आणि तिचा हात मनगटापाशी मुरगळला. ती म्हणाली, "तुझ्या माशांची घाण माझ्या दारात नको." गुणाही बोलून गेली, "माझ्या दारात तुमचा पालापाचोळा येतो तो चालतो वाटतं." एवढ्यावर थांबतं तर बरं झालं असतं. पण दोघींनी मागची कितीतरी वर्षं त्या दिवशी उकरून काढली, आणि बोलणं बंद झालं.

एका अंगणात राहून बोलणं बंद ठेवणं काही सोपं नसतं. त्यामुळे सुभद्रा कढीपत्त्याशी बोलायची. "कढीपत्त्या, कुणाच्या तरी वाळवणावर शेळी चढली बरं का." मग गुणा धावत जाऊन शेळी हाकलायची आणि परत येताना माशांना सांगायची, "कुणाचं तरी दूध उतू चाललंय, वास येतोय." असं त्यांचं चाललं होतं.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक आला. गावाची विहीर तळाला गेली. पंचांनी ठरवलं, घरटी रोज दोन घागरी पाणी मिळेल, कुणाला जास्त नाही. सुभद्रेच्या झाडांची पानं खाली मान घालू लागली. ती घागरीतलं उरलेलं पाणी घालायची, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं घालायची, तरी पुरायचं नाही. तिला या वर्षी झाडांची काळजी जास्तच होती. तिची लेक शेवंता बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळंतिणीला ताजी शेपूची भाजी हवी, आणि या दुष्काळात बाजारात हिरवं पान दिसत नव्हतं. म्हणून सुभद्रेने भिंतीच्या सावलीला शेपूचा छोटा वाफा केला होता. रोपं बोटभर वर आली आणि तिथेच थांबली.

इकडे गुणाचंही तसंच होतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला काढून उरेल ते पाणी ती पेटीत घालायची. जुनं काढलेलं पाणी ओतायला मोरीपाशी जाताना ती भिंतीपलीकडची सुकलेली झाडं पाहायची आणि तिचा हात अडखळायचा. विचारायचं कसं, बोलणंच नव्हतं. एक दिवस तिने काही न बोलता ते पाणी भिंतीवरून अलगद भोपळ्याच्या बुंध्याशी सोडलं.

सुभद्रेने पाहिलं आणि ती कढीपत्त्यापाशी जाऊन उभी राहिली. "कढीपत्त्या, आता तर घाण थेट आपल्या वेलावर यायला लागली."

गुणाने ते ऐकलं. पण पाणी बदलायची वेळ आली की ती पुन्हा तिथेच ओतायची. सुभद्रा कुरकुरायची, तरी तिने वेलाभोवती आळं केलं, पाणी वाया जाऊ नये एवढ्यासाठीच, असं ती स्वतःला सांगायची. पाहता पाहता भोपळ्याने मान वर केली. बाकीचं अंगण पिवळं पडत असताना त्या एका वेलाची पानं गर्द हिरवी झाली, त्याला नवे कोंब फुटले आणि एक पिवळं फूलही आलं.

सुभद्रा मानी होती, पण खोटी नव्हती. ती वेलापाशी बसली, तिने ओली माती हातात घेऊन पाहिली, मग उठून सरळ भिंतीपाशी गेली.

"गुणे," तिने हाक मारली.

गुणा हातातली परात खाली ठेवून भिंतीपाशी आली. किती दिवसांनी तिने आपलं नाव त्या आवाजात ऐकलं होतं. "काय आक्का?"

"हे तुझं माशांचं पाणी. यात काय असतं गं?"

"काय असणार. मासे त्यातच खातात, त्यातच घाण करतात."

"म्हणजे शेणखतासारखंच की." सुभद्रेने वेलाकडे बोट दाखवलं. "मी त्याला घाण म्हणाले होते. झाडाला ते घाण वाटत नाही. ऐक, माझ्या घागरीतलं जे पाणी मी झाडांना घालते, ते आधी तू घे. तुझ्या पेटीत घाल. मासे वापरतील, मग ते मला दे. माझ्या झाडांना जास्तच पोसलेलं मिळेल."

गुणा म्हणाली, "तुमचा हात आता बरा आहे ना?"

"कधीचा बरा झाला. तू विचारायची तेवढी राहिली होतीस."

त्या दिवसापासून तेच पाणी दोन्हीकडे राबायला लागलं. सुभद्रा भिंतीवरून चांगलं पाणी द्यायची, गुणा गढूळ पाणी द्यायची. मासे मोकळे पोहायला लागले. शेपूच्या वाफ्याला बारीक मऊ पानं फुटली. दोघी संध्याकाळी भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि शेवंताच्या येण्याबद्दल बोलायच्या. गुणाने आपल्या जुन्या लुगड्याची दुपटी शिवायला घेतली होती.

शेवंता यायला थोडेच दिवस उरले असताना माशांना रोग झाला. गुणाला सकाळी पेटीत दिसलं, की माशांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके आलेत. मासे काचेला अंग घासत होते, खायला वर येत नव्हते. तिच्या वडिलांनी अशा वेळचा उपाय सांगून ठेवला होता. पाण्यात खडे मीठ विरघळवायचं आणि पाणी वरचेवर बदलायचं. गुणाने मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी तिने निम्मं पाणी बादलीत काढलं. आता पेटीत भरायला चांगलं पाणी हवं होतं, आणि तिची घागर रिकामी होती.

तेवढ्यात सुभद्रा भरली घागर घेऊन भिंतीशी आली. "घे, आणि बादली इकडे दे. आज शेपूला पाजते. परवा शेवंताची बैलगाडी निघेल."

गुणाने घागर घेतली. बादली भिंतीवर ठेवताना तिच्या मनात आलं, सांगावं. आणि लगेच आलं, सांगितलं तर आक्का म्हणतील, मग माझं पाणी तरी कशाला देऊ? त्यांचं बरोबरच ठरेल. झाडांना काही मिळणार नसेल तर त्यांनी आपल्या लेकीच्या भाजीचं पाणी माशांना का द्यावं? आणि आज पाणी मिळालं नाही तर मासे जगणार नाहीत. मीठ तसं काही फार नाही. एका वेळेने काय होतंय.

तिने बादली पुढे सरकवली. सुभद्रेने ती उचलली आणि ती वाफ्याकडे चालू लागली. एकदा मुरगळलेल्या हातावर भार येऊ नये म्हणून तिने बादली दुसऱ्या हातात घेतली होती आणि ती एका बाजूला कलून चालत होती.

गुणाने पेटीकडे पाहिलं. मग तिने घागर तशीच खाली ठेवली, पदर खोचला आणि भिंतीवरून पलीकडे उडी घेतली. सुभद्रा वाफ्याशी वाकली होती. गुणाने बादलीची कडी धरली.

"नको आक्का. त्यात मीठ आहे. मासे आजारी आहेत. शेपू जळून जाईल."

सुभद्रा सावकाश उभी राहिली. "मघाशी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली," गुणा खाली पाहत म्हणाली. "तुम्ही घागर परत न्याल असं वाटलं. न्या आता. तुमचंच पाणी आहे."

सुभद्रेला राग आला, पण तो मिठाचा नव्हता. "एवढंच ओळखलंस होय मला? झाडाला मिळालं तरच मी पाणी देणार, असं कधी म्हणाले होते मी?"

"नाही म्हणालात."

"मग?"

गुणाचे डोळे भरून आले. सुभद्रेने तिच्या हातातून बादली काढून घेतली आणि ती मागच्या दारापुढच्या फरशांवर ओतली. तिथे फटीफटींतून हरळी माजली होती. "इथे जाऊ दे खारं पाणी. हरळी मेली तर बरंच आहे. आता जा, मासे वाट बघतायत. उद्याही घागर देईन. ते बरे होईपर्यंत देईन."

आणि तिने दिली. मासे बरे होईस्तोवर तिला त्या पाण्याचा झाडांसाठी थेंबही मिळाला नाही. मग गुणा आपल्या घरचं तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण भांड्यात साठवायला लागली आणि ते सगळं शेपूला आणून द्यायला लागली. चूळ भरायचं पाणीसुद्धा ती अर्धं करून वापरायची. सगळ्यात मोठा लाल मासा वाचला नाही. दोघींनी मिळून त्याला लिंबाच्या मुळाशी पुरलं. गुणा रडली, आणि सुभद्रेने तिला तिथेच बसून भाकरी खायला लावली. बाकीच्या माशांच्या अंगावरचे ठिपके हळूहळू गेले.

पेटीतलं मिठाचं पाणी पुन्हा पुन्हा काढून नवं भरल्यावर एक दिवस गुणा म्हणाली, "आता मीठ उतरलं असावं. पण शेपूला लगेच नको. आधी माझ्या दारच्या सदाफुलीला घालून बघते. काही झालं तर माझं झाड जाईल." सदाफुलीला तिने ते पाणी घातलं, थोडे दिवस वाट पाहिली. सदाफुली टवटवीत राहिली. तेव्हा कुठे बादली भिंतीवरून पलीकडे गेली.

शेवंता आली होती. ती बाळंत झाली, मुलगी झाली. तोवर शेपू गुडघ्याला लागेल एवढा वाढला होता. सुभद्रेने पहिली जुडी खुडली, निवडली, चांगली धुतली, आणि ते धुतलेलं पाणी सवयीने पुन्हा वाफ्यातच ओतलं. लसणाची फोडणी देऊन तिने भाजी केली आणि गरम भाकरीबरोबर लेकीपुढे ठेवली. गुणा बाळाला मांडीवर घेऊन शेजारीच बसली होती.

शेवंताने एक घास खाल्ला आणि ती थांबली. "आई, गावाला प्यायला पाणी नाही. हा एवढा कोवळा शेपू आणला कुठून?"

सुभद्रेने गुणाकडे पाहिलं. गुणा बाळाच्या टाळूवरून हात फिरवत होती, तिला वर पाहवेना.

"तुझ्या काकूच्या माशांनी धाडलाय," सुभद्रा म्हणाली. "खा पोटभर."

गोष्टीचं तात्पर्य: आपण टाकून देतो ते कुणाच्या तरी उपयोगाचं असतं, म्हणून टाकण्याआधी शेजारी पाहावं. आणि देताना त्यात काय आहे ते खरं सांगावं, कारण खरं सांगून दिलेलंच दुसऱ्याच्या घरी रुजतं.