सुट्या तीन

“मग आठवी रीत कोणती, गुरुजी? सात तर मी करून बसलो.”

दाजी गुरुजींनी मान वर केली नाही. ओटीवर मांडी घालून ते पत्रावळी टाचत होते. दुसऱ्या दिवशी बायकोचं वर्षश्राद्ध होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, उजेड आणि सावली एवढंच काय ते कळायचं. पान बोटांनी चाचपायचं, माडाच्या हिराचा तुकडा मोडायचा, टोचायचा. दहा झाल्या की चळत केळीच्या सोपटाने बांधून बाजूला सारायची.

हेरंब त्यांचाच विद्यार्थी. आता त्याच शाळेत पहिली-दुसरीचा मास्तर. तालुक्याच्या शिबिरात त्याच्या वजाबाकीच्या पाठाला टाळ्या पडल्या होत्या आणि दुसऱ्या शाळांचे मास्तर तो पाठ वहीत उतरवून घेऊन गेले होते. चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, संख्यारेषा, उलटं मोजणं... त्याच्या वर्गात वजाबाकी अडलेलं पोर म्हणून नव्हतं.

एक सोडून.

ती ओटीच्या पायरीवर बसली होती. शेवंती. वय सात, गुडघे जवळ घेतलेले, नजर अंगणात. अकरा दिवस तिने शाळेत तोंड उघडलं नव्हतं. हजेरीलाही नाही. तिची आई काल शाळेत आली आणि शांतपणे सांगून गेली, की पोरगी घरी बोलते, इथंच मुकी होते, तर सोमवारपासून मी तिला काजूच्या बागेत बरोबर नेते. हेरंबने दोन दिवस मागून घेतले होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली तसा तो तिला घेऊन थेट इथे आला.

काय घडलं ते त्याने गुरुजींना सांगितलं. फळ्यावर तेरा वजा पाच लिहिलं होतं. शेवंती उठली, खडू हातात घेतला आणि म्हणाली, तीन. पोरं हसली. त्याने ओरडा केला नाही, मारलं तर नाहीच. नुसतं पुसलं, आठ लिहिलं आणि रीत पुन्हा समजावली. मग पाया कच्चा राहिला असेल म्हणून तिला पहिलीच्या ओळीत बसवलं. पुढे रोज वेगळी रीत काढली. ती नुसती बघत राहायची.

“म्हणून विचारतो,” तो म्हणाला, “की माझ्याकडून काय राहिलं?”

गुरुजींनी हातातली पत्रावळ पुरी केली. तळहाताने थोपटली.

...

“बाय,” त्यांनी पायरीच्या दिशेने हाक दिली, “जरा इकडे येतेस?”

शेवंती उठली.

शेजारच्या घरात उद्याचा स्वयंपाक व्हायचा होता, तिथे पाच पत्रावळी द्यायच्या होत्या. तेवढ्या काढून दे, एवढंच त्यांनी तिला सांगितलं.

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. एक बांधलेली चळत, शेजारी तीन सुट्या. बराच वेळ ती नुसती पाहत होती. हेरंब पुढे सरकला, पण गुरुजी तिच्याकडे तोंड करून इतके स्वस्थ बसले होते, की तो तिथेच थांबला.

मग तिने पत्रावळी उचलल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवल्या. गुरुजींनी एकेक चाचपली. पाच.

“कुठल्या काढल्यास गो? मला दिसत नाही.”

...

अंगणात कोंबडी पाचोळा उकरत होती. शेवंतीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग गुरुजींच्या पांढरट डोळ्यांकडे. त्या डोळ्यांना खरोखरच काही दिसत नाही, हे तिने नीट पाहून घेतलं असावं.

“आधी सुट्या तीन,” ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. “मग पुरल्या नाहीत. मग चळत सोडली. त्यातल्या दोन.”

“मग चळतीत आता?”

“आठ.”

“बांधून ठेवलीस?”

“ठेवते.”

तिने सोपट घेतलं आणि गाठ मारायला लागली. हेरंब खांबाला टेकला. त्याला फळा दिसला, हातात खडू घेतलेली ती दिसली, आणि तीन म्हणून झाल्यावर तिचं तोंड उघडंच होतं, हेही त्याला आता आठवलं.

तो हळू आवाजात म्हणाला, “गुरुजी, ही कोणती रीत वापरलीत तुम्ही?”

“मला दिसत नव्हतं. म्हणून विचारलं.”

“मला तर दिसतं...”

“हं. त्या दिवशी ती तीन म्हणाली, तेव्हा काय दिसलं तुला?”

हेरंबला फक्त चुकलेलं उत्तर दिसलं होतं, ते तिघांनाही ठाऊक होतं. शिबिरातल्या टाळ्या ज्या कानांनी ऐकल्या, ते कान आता तापले होते.

तो खांबापासून सुटला आणि खाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, शेवंतीच्या समोर येऊन बसला. एवढ्या जवळून त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या बोटांना पानांचा हिरवा डाग लागला होता.

“शेवंती,” तो म्हणाला, “त्या दिवशी मी मध्येच पुसलं. पुढं काय म्हणणार होतीस तू?”

गाठ मारणारे हात थांबले.

...

“मी म्हणणार होते,” ती जमिनीकडे पाहत म्हणाली, “की तीन गेले, की दहा राहतात. मग...”

ती अडली. ओठ हलले, शब्द आला नाही. मग दोन गेले, हे हेरंबच्या जिभेवर येऊन थांबलं होतं. तो पुढे वाकला, तोंड उघडलं...

दाजी गुरुजींचा हात चाचपडत आला आणि त्याच्या गुडघ्यावर पडला.

“थांब. तिचं अजून संपलेलं नाही.”