नावाड्याने गप्प केलेला ग्रुप

“दादा जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तर लोकांना हसू येतंच कसं?”

नदीकाठच्या एका गावात एक धाकटा नावाडी होता, त्याचा हा प्रश्न. त्याने तो शिंपीणकाकूंना विचारला, मास्तरांना विचारला, देवळातल्या पुजाऱ्यालाही विचारला. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी चहा पुढे केला.

गाव नदीच्या अल्याड, रस्ता आणि बाजार पल्याड. पूल नव्हता. थोरला नावाडी माणसांची ने-आण करायचा, आणि त्यानेच फोनवर गावाचा एक ग्रुप काढला होता. पल्याड कुणी खोळंबलं की ग्रुपवर हाक टाकायची, थोरला नाव घेऊन हजर. ॲडमिन तो, पण स्वतः फारसं लिहायचा नाही. लिहायचं ते गाव. कुणाची म्हैस चुकली, कुणाच्या लोणच्याला बुरा आला, कुणाकडे पाव्हणे येणार. वरच्या टेकडीवरचा मेंढपाळ तर रोज एक विनोद टाकायचा आणि त्यालाच जोडून नदीच्या पाण्याची खबर द्यायचा.

थोरला तापाचं निमित्त होऊन गेला. नाव धाकट्याकडे आली, फोनही आला. फोनबरोबर ग्रुप आला.

धाकटा चौथीतून शाळा सोडलेला. मनाने हळवा, डोक्याने तापट. बाराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मेंढपाळाने लिहिलं, ‘आमची मेंढी तळ्यात वाकून बघते नि म्हणते, एवढ्या उन्हात लोकरीचा कोट घालून फिरणारी ही येडी कोण? बाकी पाणी निवळ आहे.’ खाली अख्खं गाव हसलं.

धाकट्याचं डोकं फिरलं. त्याने विनोद पुसला, मेंढपाळाला ग्रुपमधून काढलं, त्याचा नंबरही अडवला. “अरे, असं करू नये,” असं मास्तरांनी लिहिलं, तर त्याने ग्रुपच असा करून ठेवला की ॲडमिनशिवाय कुणाला अक्षर लिहिता येऊ नये. मग तिथे सकाळ-संध्याकाळ फक्त दादाचे फोटो.

शिंपीणकाकू त्याला घाटावर भेटल्या.

“धाकट्या, तुझ्या दादाच्या फोटोला हात जोडावे म्हटलं, तर तेही जमेना. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलंस की रे!”

“दादाचा ग्रुप आहे, काकू. मी सांभाळणार.”

“सांभाळ ना. कुलूप लावल्याशिवाय सांभाळता येत नाही होय?”

“नाही,” म्हणून धाकट्याने नाव लोटली.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या मुलीचं लग्न होतं. वैशाखाचे दिवस. नदी रोडावलेली, तरी घाटापाशी डोहात दोन पुरुष पाणी होतं. नवरदेवाचं वऱ्हाड पल्याड उतरलं. अल्याड बँडवाले तयार. धाकट्याने नवरदेव, त्याचा मामा आणि आठ वऱ्हाडी नावेत घेतले आणि वल्हं मारलं.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. टेकडीवरून मेंढपाळ ओरडत होता, “काकू, वर डोंगरात वळीव कोसळलाय! लाल पाण्याचा लोंढा सुटलाय! धाकट्याला सांगा, नाव घालू नकोस!”

काकूंनी ग्रुपवर लिहायला घेतलं. लिहिता येईना. मग त्यांनी धाकट्याला फोन लावला. नंबर बघून तो पुटपुटला, “झाली पुन्हा तक्रार सुरू!” त्याने फोन कापला. तीनदा लावला, तीनदा कापला.

काकू शालू खोचून घाटावर धावल्या. हात उडवून ओरडू लागल्या. पण बँड असा दणाणत होता की त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना.

“अरे वा! विहीणबाई नाचताहेत!” नवरदेवाचा मामा म्हणाला, आणि नावेतच ठेका धरून उभा राहिला.

काकूंनी बँडवाल्याच्या तोंडातला कर्णा ओढून काढला. “बंद करा रे मेल्यांनो!”

बँड एकदम थांबला. धाकट्याने दचकून वर पाहिलं, आणि त्याला ऐकू आलं, “मेंढपाळ सांगतोय, लोंढा येतोय! माघारी फीर!”

तो जिवाच्या आकांताने फिरला. शेवटचा वऱ्हाडी काठावर चढतो न चढतो तोच लाल पाणी गर्जत आलं. लाडवांची एक टोपली आणि मामाचे चिखलात रुतलेले नवे बूट घेऊन गेलं. माणसं सगळी वाचली.

धाकटा काठावर बसला. त्याने मेंढपाळाचा नंबर मोकळा केला आणि लावला.

“मला फोन केला होतास?”

“सतरा केले. लागला तर ना!”

“मी तुला काढून टाकलं, तरी पाणी बघत बसला होतास?”

“तुझ्या दादानेच सांगितलेलं काम आहे ते. विनोदही त्यानेच मागितले होते. म्हणायचा, नुसती पाण्याची खबर कोण वाचतंय? विनोद असला की अख्खं गाव वाचतं.”

धाकट्याच्या डोळ्यांना धार लागली. मामा अनवाणी पायांनी जवळ आला. “नावाडीबुवा, तुम्ही काय रडताय? बूट माझे गेलेत!”

धाकटा रडता रडता खदखदून हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.

तिथेच बसून त्याने ग्रुप खुला केला, मेंढपाळाला परत घेतलं. सांजेला पाणी उतरलं, वऱ्हाड पार झालं, गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. पंगतीच्या गडबडीत धाकट्याने मेंढपाळ, मास्तर आणि काकू अशा तिघांना ॲडमिन केलं, आणि काकूंचाच फोन त्यांच्यासमोर धरला.

“काकू, आता मला ॲडमिनवरून काढा.”

“अरे, राहा की तूही.”

“नको. माझं डोकं कधी फिरेल, सांगता येत नाही. आणि तुम्ही तिघंही कुणाचं बोलणं एकमेकांना विचारल्याशिवाय पुसू नका.”

काकूंचा हात हळदी-कुंकवाने भरलेला होता. मग धाकट्याने त्यांचं बोट आपल्या हाताने धरलं आणि बटणावर टेकवलं.

तर मंडळी, तात्पर्य एवढंच: चारचौघांच्या बोलण्याची किल्ली एकट्याने खिशात ठेवू नये; कारण जो सगळ्यांना गप्प बसवतो, त्याच्यापर्यंत त्याला वाचवणारी हाकही पोचत नाही.