करंजाची पेंड

माणूस या रानात यायच्या फार आधी इथे ओढ्याकाठी कोल्होबाचा तेलाचा घाणा होता. सगळं रान त्याच्याच करंजतेलाचे दिवे लावायचं. तेल काढून उरलेली कडू पेंड तो ओढ्यात लोटून द्यायचा.

त्या विषाने खालच्या डोहातले मासे मेले. वर येऊन हवेत श्वास घेणारी एक मरळ तेवढी वाचली. तिची पिल्लं मात्र गेली. ओल्या गवतातून सरपटत ती घाण्यापाशी आली. तेल न्यायला सगळे जमले होते.

"कोल्होबा, तुमच्या पेंडीने माझी पिल्लं मारली."

"पाणी वाहतं, मरळबाई. घाण पुढे जाते."

"पुढे आम्ही राहतो."

मग कुणी तेलासाठी भांडं पुढे करेना. शेवटी साळिंदर म्हणाला, "ती पेंड मला द्या. माझ्या कंदांना खत होईल."

कोल्होबाने लगेच पाट्या भरून दिल्या.

"इतकं सोपं होतं?" मरळीने विचारलं. "मग आधी का नाही दिलीत?"

"आधी कुणी मागितलीच नव्हती."

"विष तरी आम्ही कुठे मागितलं होतं?" मरळ म्हणाली, आणि रिकाम्या डोहाकडे परत सरपटू लागली.