महाराजांचा देव आणि गावाचं गाऱ्हाणं

तळकोकणातल्या एका गावी विभूतानंद महाराज आले आणि शाळेच्या प्रयोगशाळेवर त्यांची नजर गेली. तिथे त्यांना ध्यानमंदिर हवं होतं.

जत्रेच्या दिवशी मानकरी बाबीमामांनी रीतीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं, म्हणजे गावाची सुखदुःखं खड्या आवाजात देवाच्या कानावर घातली. ते संपताच महाराजांनी विज्ञान शिकवणाऱ्या तेरसेबाईंना भर सभेत उभं केलं.

"डार्क मॅटर दिसत नाही, तरी सगळीकडे आहे आणि विश्वाला धरून आहे. म्हणजे तोच ईश्वर. मग प्रयोगशाळा हवीच कशाला? हो की नाही, सांगा."

बाई पेचात पडल्या. हो म्हणावं तर प्रयोगशाळा हातची जाणार, नाही म्हणावं तर गाव नास्तिक म्हणून मोकळं होणार.

त्या शांतपणे म्हणाल्या, "महाराज, आजवर कळलंय त्याप्रमाणे ते आपल्या अंगातून आरपार जातं आणि त्याला आपला पत्ताही नसतो. तोच देव असेल, तर आत्ता मामांनी गाऱ्हाणं कोणाला घातलं?"

बाबीमामा सावकाश उठले आणि महाराजांसमोर हात जोडून म्हणाले, "म्हाराज, आमचो देव ऐकता. तुमचो तुमी घेवन जावा."