सुटलेला तुकडा

"पण बाई, त्या टेबलावरून मलाच का उठवलं?"

विश्राम दारातूनच विचारत होता. हातात प्रयोगशाळा सोडण्याचा अर्ज होता, स्वतःच्या सहीसकट.

चुंबकांवर संशोधन करता करता टिळेकरबाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मान वर केली नाही. किटलीतल्या पाण्याला उकळी यायची होती, तिकडे त्यांचं लक्ष होतं.

विश्राम हुशार होता. हे तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे इतरांना तसदी पडत नसे. त्याच्या टेबलावरचा अच्युतही तसाच. दोघं मिळून डोंगर हलवतील असं प्रयोगशाळेतल्या आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. चार महिने झाले, त्यांची भट्टी एकदाही पेटली नाही. आधी कोणाचं मिश्रण वितळवायचं, हेच ठरेना. शेवटी काल बाईंनी विश्रामला उठवलं आणि त्याच्या जागी मंदाला बसवलं.

"मंदाला माझ्या निम्मंही येत नाही."

"खरंय."

"तरी...?"

बाईंनी काचेचे दोन पेले घेतले. प्रत्येकाला बाहेरून चिकटपट्टीनं एकेक चुंबक लावला आणि आतून उडदाएवढा धातूचा तुकडा टेकवला. दोन्ही तुकडे काचेला चिकटले.

"हा तुझा, गेल्या वर्षीचा. निओडिमियम आणि लोखंड. हा मंदाचा. तिनं थोडं लोखंड काढून तिथं ॲल्युमिनियम घातलंय. पक्का कोण?"

"माझा. ॲल्युमिनियमला चुंबकत्व कुठलं? नुसती खोगीरभरती."

बाईंनी दोन्ही पेल्यांत उकळतं पाणी ओतलं.

विश्रामचा तुकडा काचेवरून सुटला आणि तळाशी जाऊन पडला. मंदाचा होता तिथंच राहिला.

विश्राम वाकून बघत राहिला.

"गार असताना ओढ माझ्याचीच जास्त असते."

"असते ना."

"मग...?"

"तूच सांग. परीक्षेत दोन पानं लिहिली होतीस."

"लोखंडाचे काही अणू फार जवळ बसतात," तो हळूहळू म्हणाला. "इतके जवळ, की एकमेकांकडे पाठ करू बघतात. त्यातल्या एकाच्या जागी दुसरं कोणी आलं, की बाकीचे तापल्यावरही एकत्र..."

त्याला फार वाईट वाटलं. आपलंच उत्तर आपल्यावर आलं, याचं जरा जास्तच.

"म्हणजे मी टाकाऊ."

बाईंनी त्याच्या हातातला अर्ज घेतला. आता त्या सही करणार, असं त्याला वाटलं. त्यांनी अर्जाची घडी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर गरम पेला ठेवला.

मग चिमट्यानं तळातला तुकडा काढला, रुमालात घेतला आणि रुमाल त्याच्या तळहातावर ठेवला.

"गार होऊ दे. मग पुन्हा चुंबकाला लावून बघ."